फुंकायच्या खोलीतल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं होतं, आणि मी मास्तरीण असूनही तुमची हजेरी घ्यायची राहून गेली. रिपोर्टवर 'तंत्रज्ञाची सही' या चौकटीत एक वेलांटी आहे, तेवढीच. नाव कळलं असतं तर साधं पाकीट पाठवलं असतं. आता चारचौघांत लिहिते आहे, फिरत फिरत कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेल म्हणून.

खूण सांगते. दोन वर्षांपूर्वीचा श्रावणी सोमवार, पुण्यातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलचा दुसरा मजला, वाईहून पहाटेच्या एसटीने आलेली हिरव्या साडीतली बाई. उपास आहे, श्वासाच्या तपासणीत फुंकताना चक्कर तर येणार नाही ना, असं दोनदा विचारणारी. तीच मी.

त्याआधी दीड वर्ष मी दम्याची पेशंट होते. ढोल्या गणपतीच्या घाटावर पायऱ्या उतरायला काही वाटायचं नाही. चढताना मात्र मध्येच थांबून कृष्णामाई बघत असल्याचं सोंग करावं लागायचं. वर्गात शुद्धलेखन घालताना वाक्य एका दमात पुरं होईना, आणि मी थांबले की पोरं पूर्णविराम देऊन मोकळी व्हायची. रात्री आमच्या ह्यांना वाटायचं, पाण्याची मोटर चालूच राहिली. वाईची थंडी, खडूची धूळ, पन्नाशी, वजन, कुणी ना कुणी एकेकावर बोट ठेवलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ. मग पंप, मग दुसऱ्या रंगाचा पंप, मग घरीच नेब्युलायझर. सासूबाईंचा अडुळसा वेगळाच. पंपांनी काडीचा फरक पडला नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला की मात्र आठवडाभर बरं वाटायचं, आणि सगळे म्हणायचे, बघा, दमाच! या गोळ्यांकडे पुन्हा येते.

मधे एके ठिकाणी फुंकायची टेस्टही झाली होती. तिथल्या मुलाने तीनदा फुंकून घेतलं आणि घरी पाठवलं. श्वास आत ओढायला कुणी सांगितलंच नाही. रिपोर्टखाली शेरा होता: 'रुग्णाचे सहकार्य अपुरे'. ताई, सत्तावीस वर्षं मी प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहीत आलेय. माझ्या वाट्याला असा शेरा पहिल्यांदाच आला, आणि खोटं कशाला बोलू, दम्यापेक्षा तोच जास्त लागला. जीव तोडून फुंकलं होतं हो मी.

तुम्ही तो जुना कागद पाहिलात, शेरा वाचलात आणि काही बोलला नाहीत. नाकाला चिमटा लावलात, तोंडात नळी दिलीत आणि सुरू झालात. 'फुंका काकू, फुंका, अजून, अजून, संपवा, संपवा', आणि मी नळी काढणार तोच, 'काढू नका! आता आत ओढा, जोरात ओढा!' तुमचा आवाज असा की भिंतीपलीकडच्या माणसानेही श्वास ओढावा.

पडद्यावर काय दिसत होतं ते तुम्ही नंतर समजावलंत. आडव्या रेघेच्या वर बाहेर सोडलेल्या हवेचा वेग, खाली आत ओढलेल्या हवेचा. निरोगी माणसाचा वरचा भाग शिडासारखा टोकदार चढतो आणि तिरका उतरतो, खालचा वाटीसारखा गोल येतो. दम्यात वरची उतरण आत खचते, खालची वाटी बऱ्यापैकी शाबूत असते. माझं वरचं टोकही छाटलेलं आणि खालची वाटीही सपाट. फळ्याचं डस्टर ठेवावं तशी आकृती. नुसतं फुंकून घेतलं तर यातलं अर्धं चित्र उमटतच नाही, आणि जे उमटतं ते आळशी माणसाने फुंकल्यासारखं दिसतं.

तुम्ही माझ्याकडून सहा वेळा करून घेतलंत. बाहेर रांग लागली होती, कुणीतरी दारही वाजवलं. सहाव्यांदा झाल्यावर तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे: 'काकू, ढिलाई करणाऱ्याचा आलेख दर वेळी वेगळा येतो. तुमचा सहाही वेळा सारखाच आलाय. तुम्ही नीट करताय. हवाच अडतेय.'

मला तिथेच रडू आलं. आजाराचं नव्हे, शेरा पुसला गेल्याचं.

मग तुम्ही रिपोर्ट ट्रेमध्ये टाकला नाहीत. हातात घेऊन स्वतः डॉक्टरांच्या खोलीत गेलात आणि दार अर्धवट उघडं असल्यामुळे मी ऐकलं: 'सर, एकदा गळ्यावर ऐकता का?' दीड वर्षात माझ्या पाठीवर किती स्टेथोस्कोप फिरले असतील, गळ्यावर कुणी ठेवला नव्हता. सरांनी ठेवला, मला तोंड उघडून जोरात श्वास घ्यायला लावला, आणि त्यांचा चेहरा बदलला. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना आणि छातीभर ऐकू येते. माझा आवाज श्वास घेताना येत होता आणि सगळ्यात मोठा गळ्यापाशी होता.

त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. श्वासनलिका म्हणजे जेमतेम १० ते १२ सेंटिमीटरची नळी, आतून साधारण दीड-दोन सेंटिमीटर रुंद. माझ्या नळीची भिंत तीनेक सेंटिमीटर लांबीपर्यंत आतून फुगली होती आणि मधे ७ मिलिमीटरची वाट उरली होती. म्हणजे मी एका पेन्सिलीच्या जाडीतून श्वास घेत होते. पंपाचं औषध फुप्फुसातल्या बारीक नळ्या सैल करतं. इथे तुंबलं होतं टाकीखालच्या मुख्य पाइपात, आणि आम्ही दीड वर्ष घरातले नळ बदलत होतो. दमा म्हणणाऱ्यांवर माझा फारसा राग नाही. घरघरणारी बाई समोर आली तर दमाच आधी सुचणार. राग आहे तो त्या शेऱ्यावर.

पुढचं तुमच्या खोलीत घडलं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नसेल. ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन, धातूची सरळ दुर्बीण घालून फुगलेल्या भागाचा तुकडा तपासणीसाठी काढला. वाट इतकी अरुंद असताना रक्त आलं किंवा सूज चढली तरी श्वास हाताशी राहावा म्हणून ती कडक नळी. जाता जाता त्यांनी थोडी गाठ खरवडून वाटही मोकळी केली. आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, तो तपासून झाला, नव्हता. रिपोर्ट आला 'जुनाट दाह'. घरी आनंदीआनंद. सासूबाईंनी साखर वाटली.

पण तो तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना ते पटत नव्हतं. तुकडा बारीक, चिमट्यात चुरगळलेला, आणि त्यात लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींची गर्दी नुसत्या दाहाला शोभेल त्याहून दाट. त्यांनी छातीच्या डॉक्टरांना फोन करून एकच प्रश्न विचारला: बाईंनी स्टेरॉइड कधी घेतलं होतं? घेतलं होतं, दहाच दिवस आधी. तिथे कोडं सुटलं. स्टेरॉइडने या पेशी विरघळतात. म्हणून तर दर कोर्सनंतर मला बरं वाटायचं, आणि म्हणूनच तुकड्यात नेमकं जे दिसायला हवं ते पुसट झालं होतं. ज्या गोळीने दमा 'सिद्ध' केला, तिनेच खरा आजार झाकून ठेवला.

गोळ्या बंद करून महिन्याभराने पुन्हा तुकडा काढला, या वेळी मोठा आणि खोलवरचा. त्यावर खास रंगांच्या तपासण्या झाल्या. मॅडमनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं, शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनाही हुरूप आला असावा. सीडी-२० हा बी पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटांतल्या एका जातीचा, बिल्ला. माझ्या गाठीतल्या बहुतेक पेशींवर तो चमकत होता. पण बिल्ला एक असला म्हणून गुन्हा होत नाही. खरी मेख पुढे होती. या पेशी कॅपा आणि लॅम्डा अशा दोन घराण्यांच्या असतात. साध्या दाहात दोन्हींची सरमिसळ दिसते, जत्रेत साऱ्या गावची माणसं दिसावीत तशी. माझ्याकडे जवळपास सगळ्या कॅपाच. एकाच पेशीची पिलावळ. नाव निघालं माल्ट लिम्फोमा, म्हणजे याच पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, श्वासनलिकेत क्वचितच आढळणारा. पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट या डॉक्टरांनी १९८३ साली या प्रकाराची ओळख पटवली, म्हणजे मी शाळेत होते तेव्हा या दुखण्याला वेगळं नावही नव्हतं. जठरात तो बऱ्याचदा एका जिवाणूमुळे होतो, म्हणून माझ्या जठराचीही दुर्बिणीने तपासणी झाली. तिथे काही नाही, अंगभर आजार शोधणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये आणि अस्थिमज्जेतही नाही. आजार होता तेवढ्या तीन सेंटिमीटरमध्येच.

उपचाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, १२ बैठका, एकूण २४ ग्रे (ग्रे हे शेकाचं माप). शेवटी शेवटी आमटी-भातसुद्धा काचा गिळल्यासारखा वाटायचा, तो त्रासही काही आठवड्यांत गेला. सीडी-२०ला नेम धरणारं रिटुक्सिमॅब नावाचं औषध १९९७ पासून मिळतं, मला ते लागलं नाही. हा कॅन्सर संथ आहे आणि परत येऊ शकतो, म्हणून तपासण्या सुरू राहतील.

डॉक्टरांना आणि मॅडमना पेढे देऊन झाले. तुमच्या खोलीत गेले तर खुर्चीवर दुसरीच मुलगी. जुन्या ताई सोडून गेल्या म्हणाली, कुठे ते तिला माहीत नव्हतं. तिच्याकडून पुन्हा फुंकून घेतलं, ओढूनही घेतलं. तिला मीच आठवण करणार होते, पण तिने आपणहून सांगितलं. तुम्ही शिकवलं असेल. वर शीड आलं, खाली वाटी. दोन्ही आलेख झेरॉक्स करून मी शाळेच्या कपाटाला आतून चिकटवलेत. 'प्रयत्न अपुरे' लिहिताना आता हात अडतो. यंदा एकदाच लिहिलं, पण ते कार्टं खरोखरच उनाड आहे.

घाटाच्या पायऱ्या न थांबता चढते. कृष्णामाई बघायला आता मुद्दाम थांबावं लागतं.

आणि हो, त्या दिवशी रडारडीत नाकाचा चिमटा माझ्याच पर्समध्ये आला होता. एसटीत खंबाटकी घाटात लक्षात आलं. तो कंपासपेटीत जपून ठेवलाय. वाईला आलात तर घेऊन जा, नाहीतर पत्ता कळवा.

तुमची,
उपासाच्या दिवशी सहा वेळा फुंकलेली काकू