नाल्यावर रामझुला कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या नाल्यांवरच्या अरुंद पुलांबद्दल आपल्या सदरात वाचकांची पत्रे येत आहेत. तक्रार रास्त आहे. 'नागपूर स्थानकाजवळच्या रामझुल्यासारखा केबलचा पूल बांधा' ही मागणी मात्र पटत नाही.

पुलाचा प्रकार ठरतो तो वरून काय जाते यापेक्षा खाली काय आहे यावर. रामझुल्याखाली नागपूर स्थानकाचे रूळ आहेत. तिथे हवा तिथे खांब उभा करता येत नाही आणि महिनोन्महिने रुळांवर सेंट्रिंगही लावता येत नाही. म्हणून उंच खांबावरून तिरप्या केबल सोडून रस्ता तोलला. गड्डीगोदामलाही खाली रेल्वेच, पण तिथे उड्डाणपूल आणि मेट्रो असे दोन मजले वाहून न्यायचे होते. म्हणून 80 मीटरचा पोलादी गर्डर, म्हणजे भार तोलणारी आडवी तुळई, जोडून रुळांवर सरकवला. वर्धा रोडवरच्या उड्डाणपुलाला अशी अडचण नव्हती. रस्त्याच्या दुभाजकात एकेक खांब बसत होता, त्यामुळे यार्डात ओतलेले काँक्रीटचे तुकडे आणून, तारा ताणून ओळीने जोडले. तिन्ही ठिकाणची निवड आपापल्या जागी योग्य आहे.

नाल्याची रुंदी असते आठ ते बारा मीटर. त्यावर केबलचा पूल म्हणजे निव्वळ हौस. शिवाय केबलचा गंज, ताण आणि टोकाची पकड हे सगळे तपासत राहावे लागते; तो खर्च पूल उभा आहे तोवर चालूच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या वर्गवारीत 6 मीटरपर्यंतची ती पुलिया, 60 मीटरपर्यंतचा लहान पूल, त्यापुढचा मोठा. आपली चर्चा सगळी तिसऱ्या वर्गाची आणि पाणी तुंबते पहिल्या दोहोंत.

या लहान पुलांचे खरे दुखणे आहे मोऱ्यांची, म्हणजे पाणी जाण्याच्या तोंडांची, संख्या. 10 मीटरच्या नाल्यावर बहुतेक वेळा चार मोऱ्यांचा काँक्रीट बॉक्स, म्हणजे तळ, भिंती आणि छत एकसंध असलेला चौकोनी सांगाडा, टाकतात. मधल्या तीन भिंती प्रत्येकी 30 सेंटिमीटरच्या धरल्या, तर 90 सेंटिमीटर जागा भिंतींतच गेली आणि एकेका मोरीला जेमतेम सव्वादोन मीटर तोंड उरले. कागदावर हे नऊ टक्क्यांचे नुकसान दिसते. प्रत्यक्षात पुराबरोबर तीन मीटरची फांदी येते आणि दोन भिंतींना आडवी टेकते. तिच्यावर गादी, तिच्यावर जलपर्णी, मग प्लास्टिक. तासाभरात अख्खी मोरी बंद होते आणि पाणी शेजारच्या वस्तीत शिरते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली, त्यामागे पाऊस होताच. पण वाटेत पाण्याला किती ठिकाणी अडवले होते, हेही मोजायला हवे.

यावर उपाय एकाच गाळ्याचा पूल, मध्ये एकही भिंत नसलेला. मग तो सगळीकडे का होत नाही? कारण 10 मीटरच्या सलग स्लॅबची जाडी पाऊण मीटरच्या आसपास जाते आणि बॉक्सचे छत 25-30 सेंटिमीटरमध्ये भागते. म्हणजे पाण्याची जागा न घटवता एका गाळ्याचा पूल करायचा तर रस्ता सुमारे अर्धा मीटर उचलावा लागतो. 1:30 चा चढ धरला तर दोन्ही बाजूंना 15-15 मीटर भराव आला. त्या 15 मीटरमधल्या दुकानांचे ओटे रस्त्याखाली जातात आणि विरोध सुरू होतो. अभियंत्याला बॉक्स सोपा वाटतो तो इथे. तरीही जिथे फांद्या आणि कचरा वाहून येतो, तिथे रस्ता उचलणेच बरोबर, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुराची पातळी आणि स्लॅबची खालची बाजू यांच्यातली मोकळी जागाही पाहिली पाहिजे. सेकंदाला 30 ते 300 घनमीटर विसर्गासाठी ती किमान 90 सेंटिमीटर हवी. ती नकाशात सोडलेली असते. पुढे कोणीतरी त्याच पोकळीत जलवाहिनी टांगते, मग केबलची नळकांडी येतात, आणि कचरा अडवायला आयतीच जाळी तयार होते. वाहिनी न्यायचीच असेल तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला आणि स्लॅबच्या तळाच्या वर न्यावी.

बॉक्स वाहून जातो तो बहुधा खालून. अरुंद तोंडातून पाण्याचा वेग वाढतो आणि बाहेर पडताना ते तळ उकरते. म्हणून तळाच्या फरशीच्या दोन्ही टोकांना जमिनीत उतरणारी भिंत लागते: वरच्या अंगाला सुमारे 2 मीटर, खालच्या अंगाला अडीच मीटर खोल, आणि त्यापुढे सुट्या दगडांचा थर. पाणी ओसरल्यावर पाहायचे असते ते हेच दगड जागेवर आहेत का. कठडा रंगवून यातले काही कळत नाही. दगडी कमानीच्या जुन्या पुलांना तर हे जास्तच लागू, कारण कमान दाब कितीही घेते, पाया खचलेला मात्र सोसत नाही. तिच्या सांध्यात उगवलेला पिंपळ वरवर छाटला की मुळे आत जाडच होतात. तो मुळापासून मारून सांधे चुन्या-सिमेंटने भरावे लागतात.

पुलाच्या तोंडाशी गाडीला बसणारा धक्का हा आपल्या काळ्या मातीचा प्रताप. भिंतीमागे तीच माती भरली की पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे मुरूम हवा, 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी दाबलेला, आणि भिंतीलगत 60 सेंटिमीटर दगडगोट्यांचा गाळणथर, म्हणजे पाणी भिंतीतल्या छिद्रांतून निघून जाईल.

आणखी एक सवय मोडायला हवी. रस्त्याचे डांबरीकरण निघाले की पुलावरही जुन्यावर नवा थर चढतो. साडेसात मीटर रुंद, 30 मीटर लांब गाळ्यावर 50 मिलिमीटर डांबर म्हणजे सुमारे 26 टन कायमचे ओझे. तीन वेळा झाले की भरलेले दोन-तीन ट्रक त्या गाळ्यावर कायमचे उभे. त्यात जॉइंट, म्हणजे गाळ्याच्या टोकाला हालचालीसाठी ठेवलेली फट, तीही डांबराखाली गाडली जाते. नागपूरच्या तापमानात पुलाच्या काँक्रीटमध्ये हिवाळा-उन्हाळ्याचा 35 अंशांचा फरक धरला, तर 30 मीटरचा गर्डर 12-13 मिलिमीटर कमीजास्त होतो. तेवढी हालचाल कुठेतरी व्हायलाच हवी. जॉइंट बुजला तर टोकाचे काँक्रीट फुटते, आणि फटीतून झिरपणारे पाणी बेअरिंगवर, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर, साचते.

म्हणून नव्या पुलाच्या मागणीसोबत महापालिकेकडे हेही मागावे: मे महिन्यात प्रत्येक पुलियाचे खालून काढलेले फोटो, मोऱ्यांची मोजलेली रुंदी, लटकणाऱ्या वाहिन्यांची नोंद आणि डांबराची जाडी, प्रभागनिहाय जाहीर व्हावी. डांबराची जाडी पावसाळी पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी पट्टी लावूनही कळते. तोंडच सापडले नाही, तर उत्तर मिळालेच.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
धरमपेठ, नागपूर