कीबोर्ड बदलण्याआधी बंद बटणांची यादी करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की मुंबईतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार वाढते: "अमुक बटण चालत नाही." उत्तरही ठरलेले असते: "कीबोर्ड बदलावा लागेल." बऱ्याचदा ते खरेच असते. पण ते तपासून दिलेले असावे, आणि ग्राहकालाही ते पडताळता यावे. आम्ही हेच काम करतो, म्हणून ही माहिती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी असे वाटते.

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या. नोटपॅड उघडा, वरच्या ओळीपासून एकेक बटण दाबत जा आणि जे उमटत नाही ते लिहून ठेवा. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट नोटपॅडमध्ये दिसत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. हातातले बटण दाबले की पडद्यावरचे उजळते. दहा मिनिटांचे काम आहे, पण अर्धे निदान या कागदावर होते. ते कसे, हे समजायला कीबोर्डच्या पोटात डोकवावे लागेल.

लॅपटॉपला ऐंशीच्या आसपास बटणे असतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र तार नसते. बटणांखाली प्लॅस्टिकच्या तीन पातळ फिल्म एकावर एक असतात. वरच्या आणि खालच्या फिल्मवर वीज वाहून नेणाऱ्या शाईने रेघा छापलेल्या असतात. मधली फिल्म त्या दोघींना वेगळे ठेवते, मात्र प्रत्येक बटणाखाली तिला भोक असते. बटण दाबले की रबराची छोटी टोपी दबते आणि वरची रेघ त्या भोकातून खालच्या रेघेला टेकते. या रेघांची जाळी साधारणपणे १६ बाय ८ अशी असते. मदरबोर्डवरची (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावरची) चिप एकेका रेघेवर पाळीपाळीने संकेत सोडून कुठला छेद जुळला ते पाहत राहते. म्हणजे चोवीस-पंचवीस रेघांवर सगळा कीबोर्ड चालतो.

म्हणूनच रेघ तुटली की एकटे बटण जात नाही, तिच्यावरची सगळी बटणे एकदम जातात. गंमत अशी की ती शेजारीशेजारी असतीलच असे नाही. वरच्या ओळीतले एक, मधले दोन, खालचे एक, अशी विखुरलेली दिसतात. तुमच्या कागदावर अशी चार ते आठ बटणे असतील तर वरून ब्रश मारून किंवा फुंकर घालून काही होणार नाही. दोष रेघेत असतो किंवा कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणाऱ्या चपट्या केबलच्या टोकाशी. याउलट यादीत एकच बटण असेल तर बहुधा कचरा, चिकटपणा, तुटलेली क्लिप किंवा सरकलेली रबराची टोपी निघते. बटण आपोआप उमटत राहत असेल (ससससस), तर दोन फिल्मच्या मध्ये ओल शिरली आहे असे समजा.

सगळाच कीबोर्ड गप्प असेल किंवा भलतेच उमटत असेल तर घाबरू नका, आधी सॉफ्टवेअर पाहा. उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबून धरले गेले की विंडोज फिल्टर कीज सुरू करू का असे विचारते, आणि चुकून 'हो' म्हटले की ती सुरू होते. मग भराभर दाबलेली बटणे उमटत नाहीत, दाबून धरली तरच उमटतात. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे ती बंद करा. वेगळे नंबरपॅड नसलेल्या काही लॅपटॉपांत नम लॉक चालू राहिले की जे, के, एल च्या जागी १, २, ३ येतात. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲट चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह आले तर बटण बिघडलेले नसते, भाषेत ब्रिटिश इंग्रजीचा कीबोर्ड निवडला गेलेला असतो. कंट्रोल किंवा ऑल्ट खाली अडकून राहिले तरी अक्षरे उमटत नाहीत, भलतेच शॉर्टकट चालू होतात. ती बटणे दोन्ही बाजूंची एकेकदा जोरात दाबून सोडा. एवढे करून भागले नाही तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. शेवटची खूण बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅमची. सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे बदलते) दाबून बायोसमध्ये जा. तिथे बाण, एन्टर नीट चालत असतील आणि विंडोजमध्ये चालत नसतील, तर दोष ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला कीबोर्डशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट केला की विंडोज तो पुन्हा बसवते. बायोसमध्येही बटण मुके असेल तर सॉफ्टवेअरचा नाद सोडा.

आता मुंबईच्या पावसाविषयी, कारण इथे नुकसान सर्वात जास्त होते आणि टाळताही येते. जुलैत इथला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होते ते, २५ अंशांच्या आसपास असतो. एसी ऑफिसात २२ अंशांवर दिवसभर बसलेला लॅपटॉप तसाच बाहेर नेऊन उघडला, तर थंड बशीवर जमते तसे पाणी त्याच्यावर जमते, फक्त इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाही. स्टेशनवर किंवा लोकलमध्ये पिशवीतून काढून लगेच सुरू करू नये. बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, तो बाहेरच्या तापमानाला येतो. ओली छत्री लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवणे तर घातच. पिशवीच्या तळाशी पाणी साचते आणि उभा ठेवलेला लॅपटॉप त्यात बसून राहतो. समुद्राकाठच्या घरांत खारट हवेने केबलच्या टोकाचे संपर्क काळवंडतात, आणि मग वर सांगितलेला 'आठ बटणे एकदम बंद' हा प्रकार दिसू लागतो.

पाणी किंवा चहा सांडला तर पहिली कृती एकच: पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून लॅपटॉप बंद करा. फाइल सेव्ह करत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप उघडा आणि तंबूसारखा उलटा करून टॉवेलवर ठेवा, कीबोर्ड खाली. बटणे दाबून पाहू नका. प्रत्येक दाबाने पाणी आणखी आत जाते. हेअर ड्रायर लावू नका, गरम हवेने फिल्म वाकतात. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचाही उपयोग नाही, उलट पीठ आत जाते. दोन दिवस तसाच राहू द्या. सांडलेले जास्त असेल तर त्याच दिवशी उघडून बॅटरी सोडवून घ्यावी, कारण लॅपटॉप बंद असला तरी बॅटरीचा प्रवाह बोर्डावर असतो आणि ओल्या बोर्डाला तोच खातो.

चहा वाळला की लोक आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणतात. लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळते आणि चांगलेच आहे, पण साखर त्यात जवळजवळ विरघळतच नाही. ९९ टक्के आयपीए कितीही चोळले तरी चहाचे बटण चिकटच राहते, मग लोक म्हणतात कीबोर्ड गेला. साखर काढायला पाणीच लागते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कापसाच्या काडीला लावा. काडी ओलसर हवी, ठिबकणारी नको. बटणाच्या कडा आणि खालची क्लिप पुसा, काडी बदला, पुन्हा पुसा. पाणी उडून जावे म्हणून शेवटी ९९ टक्के आयपीएचा हात फिरवा. बटण वीस-पंचवीस वेळा दाबा आणि अर्धा तास वाळू द्या. हे सगळे लॅपटॉप बंद ठेवून. सॅनिटायझर वापरू नका, त्यातले ग्लिसरीन मागे राहते. नळाचे पाणीही नको, त्यातले क्षार राहतात.

कोरड्या कचऱ्याचे सोपे आहे. लॅपटॉप उलटा धरून पाठीवर हलके थोपटा आणि अर्ध्या इंची मऊ ब्रशने कडा झाडा. फरसाणची एक शेवही बटण खाली जाऊ देत नाही. दाबलेल्या हवेचा फवारा मारणारा डबा वापरलात तर डबा सरळ धरा. तिरका केला की आतला द्रव बाहेर येतो. बटणाची टोपी काढायची वेळ आली तर प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नाही, आणि आपल्या मॉडेलची टोपी कुठल्या कडेने उचलायची ते आधी पाहून घ्या. तिच्याखाली कात्रीसारखी दोन पायांची नाजूक क्लिप असते. तिचा केसाएवढा खिळा मोडला की बटण डुगडुगते. स्पेसबार, एन्टर, शिफ्ट यांच्याखाली धातूची तारही असते, ती वाकली तर एका कोपऱ्यात दाबल्यावरच बटण चालते. ही मोठी बटणे घरी काढू नयेत असेच आमचे मत आहे. २०१५ ते २०१९ मधल्या 'बटरफ्लाय' कीबोर्डच्या मॅकबुकची तर कुठलीच नाही.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीची नाही, धोक्याची आहे. स्पेसबार अचानक कडक झाला, टचपॅड वर आला, लॅपटॉप टेबलावर डुलू लागला, तर आतली बॅटरी फुगून कीबोर्डला खालून ढकलते आहे. चार्जिंग बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, त्याच दिवशी बॅटरी काढून घ्या.

दुकानात लॅपटॉप उघडला की पहिली विनंती करा: कीबोर्डची केबल काढून, संपर्क आयपीएने पुसून पुन्हा बसवून पाहा. बऱ्याच केबलवर एक पांढरी रेघ असते. ती कनेक्टरला समांतर दिसली तर केबल सरळ बसली, तिरकी दिसली तर एका टोकाच्या तारा सुटलेल्या. हे कनेक्टरचे लॉक नखाएवढे असते आणि जोर लावला की तुटते, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

बदलावाच लागला तर जुन्या कीबोर्डच्या पाठीवरचा पार्ट नंबर जुळवून घ्या. एन्टरचा आकार, मागचा दिवा आहे की नाही (त्याची वेगळी छोटी केबल असते), हे पाहा. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत कीबोर्ड स्क्रूने नव्हे, वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या डझनावारी खुंट्यांनी वरच्या पत्र्याला जोडलेला असतो. नवा बसवताना चार-पाच ठिकाणीच चिकटवला तर मध्यभागी तो दबतो. लॅपटॉप परत घेताना जी आणि एच च्या मध्ये बोट दाबून पाहा. खाली-वर होत असेल तर तिथेच सांगा.

मराठीत टंकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत काना इंग्रजी 'ई' वर आहे आणि हलन्त म्हणजे पायमोडका 'डी' वर. इंग्रजीत डी गेले तर एक अक्षर जाते. मराठीत जोडाक्षरेच जातात, 'महाराष्ट्र' लिहायला गेलात तर 'महाराषटर' होते. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये थोडी सोय आहे. शिफ्टबरोबर ३ दाबले की अक्षराखालचा रकार, ४ वर रफार, ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र मिळतो. पण ष्ट साठी हलन्त लागतोच. दुरुस्ती होईपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत प्रोग्रॅममधल्या कीबोर्ड मॅनेजरने कॅप्स लॉकला डी करून टाका. मराठीत कॅप्स लॉकची गरज तशीही पडत नाही. लॉगिनच्या पडद्यावर ही युक्ती चालत नाही. तिथे कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडता येतो.

आणि पासवर्ड. बटणे तपासायला तो लागत नाही. लॉगिनच्या पासवर्डच्या चौकटीत काहीही टंकून डोळ्याचे चिन्ह दाबले की उमटलेली अक्षरे दिसतात. तरीही कोणी पासवर्ड कागदावर लिहून मागत असेल तर नम्रपणे नकार द्या.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, पुढे त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. आमची मागणी त्याहून साधी आहे. कंपन्यांनी सुट्या टोप्या आणि क्लिप विकायला ठेवाव्यात. दुकानदारांनी पावतीवर तीन ओळी लिहाव्यात: कोणती बटणे बंद होती, कशामुळे, आणि कोणत्या पार्ट नंबरचा भाग बसवला. काढलेला कीबोर्ड ग्राहकाच्या हातात द्यावा. हे नाकारले गेले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती तंत्रज्ञ,
ग्रँट रोड, मुंबई