तक्रार बंद केलीत, कूलर अजून गरम हवाच फेकतोय

नागपूर, 18 मे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 90 लिटरच्या डेझर्ट कूलरमध्ये पाणी वर चढत नाही, तक्रार न सोडवताच बंद केल्याबद्दल

काल रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी तुमचा मेसेज आला की माझी तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. त्या वेळी तुमचा कूलर माझ्या 78 वर्षांच्या आईच्या अंगावर गरम हवा फेकत होता आणि मी ओल्या पंच्याने तिचे पाय पुसत होतो. तक्रार सुटलेली नाही.

कूलर 9 मार्चला सीताबर्डीतल्या दुकानातून 13,800 रुपयांना घेतला. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तो उत्तम चालला, हेही लिहितो. 14 एप्रिलला पंप बंद पडला. 19 तारखेला तुमचा माणूस येऊन नवा बसवून गेला. तो 2 मेला जळाला. 8 मेला पुन्हा नवा बसवला. हा तिसरा पंप चालू आहे, आवाजही करतो, फक्त पाणी वर नेत नाही.

यंत्र तुमचंच आहे, त्यामुळे ते कसं चालतं हे तुम्हाला सांगायला नको. पाणी वरच्या पन्हाळीत पोचून तिथून तिन्ही पॅडवर सारखं झिरपलं पाहिजे. आमच्याकडे मागच्या पॅडचा वरचा वीतभर भाग कोरडा ठाक आहे आणि बाजूचे दोन्ही पॅड निम्म्यापर्यंतच ओले होतात. पॅड जेवढा कोरडा, तेवढी बाहेरची झळ जशीच्या तशी खोलीत. 12 मेच्या रात्री अकरा वाजता मी थर्मामीटर लावून पाहिलं. बाहेर 36 अंश, खोलीत 38 आणि कूलरच्या तोंडाशी 34. एप्रिलच्या सुरुवातीला तिथेच 26 अंश येत होतं. मूळ पंपावर 40 वॅट छापलेलं होतं, नंतरच्या दोन्हींवर 18 वॅट आहे. तुमच्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, "कंपनीकडून हाच पीस येतो, साहेब." पहिल्या भेटीच्या चिठ्ठीवर त्याने कारण लिहिलं 'खारे पाणी'. आमच्या टाकीत महापालिकेच्या नळाचं, पेंच धरणाचं पाणी जातं. बोअरचं पाणी आम्ही कूलरला कधीच वापरलेलं नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आता कालच्या फोनबद्दल. हा माझा अकरावा फोन.

रात्री 10 वाजून 50 मिनिटांनी लावला. सतरा मिनिटं तुमच्या जाहिरातीचं गाणं ऐकलं, त्यात शांत झोपेचं वचन सहा वेळा येतं. मग एक मुलगा बोलला. मी पंप, वॅट, कोरडा पॅड सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "सर, कूलर लावताना दारं-खिडक्या बंद ठेवता का?" मी म्हटलं, नाही, समोरची खिडकी उघडी ठेवतो. तो म्हणाला, "सर, तीच चूक होतेय, थंडावा बाहेर जातो. सगळं बंद ठेवा." मी त्याला तुमच्याच माहितीपुस्तिकेचं पान 6 वाचून दाखवलं, त्यात हवा बाहेर जायला खिडकी उघडी ठेवा असं ठळक अक्षरांत छापलं आहे. हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साठतो आणि घाम सुकत नाही. हे विदर्भातलं शाळकरी पोरही सांगेल. तो दोन मिनिटं गप्प राहिला. मग म्हणाला, "टाकीत बर्फ टाकून पाहिलात का?" मी म्हटलं, पाणी वरच चढत नाही, बर्फ टाकीतच राहणार. आणि पाणी चढत असतं तरी थंडावा बर्फामुळे येत नाही, पाणी उडून जाण्यामुळे येतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाण्याची वाफ होताना शोषली जाते. तुमचा सगळा धंदा याच गोष्टीवर उभा आहे.

त्यावर त्याने विचारलं, "सर, तिकडे टेम्परेचर किती आहे?" मी सांगितलं, आज दिवसा 44 होतं. आणि तो म्हणाला, "मग सर, उन्हाळा आहे, गरम तर होणारच ना."

गरम होणारच.

मी कूलर उन्हाळ्यासाठीच घेतला होता. नागपुरात डिसेंबरात कोणी कूलर घेत नाही. मी एवढंच म्हणालो की तुमच्या वरिष्ठांशी बोलायचं आहे. तो म्हणाला, ते उपलब्ध नाहीत, मी तुमची तक्रार नोंदवून घेतो, कॉलनंतर पाचपैकी पाच रेटिंग द्या. दहा मिनिटांत तो मेसेज आला.

त्या मुलाला नोकरीवरून काढू नका. मला खात्री आहे की त्याच्यापुढे एक कागद ठेवलेला आहे आणि तो तेच वाचतो. ज्याने तो कागद लिहिला त्याला एक रात्र आमच्या घरी पाठवा. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री दोन-तीनपर्यंत उष्णता खाली सोडत असते, भिंतीला हात लावला तर चटका बसतो. झोप लागायला शरीर आतून थोडं निवावं लागतं. ते निवलंच नाही तर म्हातारं माणूस रात्रभर कूस बदलत राहतं आणि सकाळी त्याला चक्कर येते. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या आठवड्यात ती दोनदा न्हाणीच्या दारात भिंत धरून उभी राहिली.

आम्ही लहान असताना संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचो आणि रात्री बाजा टाकून झोपायचो. आता आईचे गुडघे जिने चढू देत नाहीत. एसीचा विचार केला होता, पण घराची वायरिंग जुनी आहे आणि त्या कोरड्या हवेत आईचा घसा बसतो. म्हणून कूलर. वीस वर्षं आमच्याकडे पत्र्याचा कूलर होता, दर मार्चमध्ये त्याच्या वाळ्याच्या ताट्या मी स्वतः बदलायचो. 23 मे 2013 रोजी नागपुरातल्या सोनेगावच्या वेधशाळेत 47.9 अंश नोंदलं गेलं, त्या रात्रीही आई त्या कूलरपुढे पांघरूण घेऊन झोपली होती. यंदा खालून गंजला म्हणून तो भंगारात दिला आणि तुमचं नाव बघून तुमचा घेतला. आई म्हणाली होती, दुसरा पत्र्याचाच घे, मिस्त्री गल्लीतच आहे, बिघडला तर येईल. मी ऐकलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

माझी मागणी एवढीच आहे. सात दिवसांत मूळ 40 वॅटचा पंप बसवून तिन्ही पॅड वरपासून खालपर्यंत ओले होतात हे माझ्यासमोर दाखवा. 18 वॅटचा चौथा पंप घेऊन कोणी येऊ नका, मी दारातूनच परत पाठवीन. ते जमत नसेल तर कूलर उचलून न्या आणि पूर्ण पैसे परत करा.

हे झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून थेट नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्कही लागत नाही. बिल, दोन्ही भेटींच्या चिठ्ठ्या, पॅडचे फोटो आणि कालचा मेसेज जपून ठेवला आहे. तुमचा जळका पंपही पिशवीत बांधून ठेवला आहे. मला आयोगात जायची हौस नाही, पण जाईन.

25 मेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्याआधी माणूस पाठवा. दुपारी न पाठवता रात्री नऊनंतर पाठवा, कारण आई तेव्हा अंथरुणावर पडते आणि कूलरच्या तोंडाशी किती अंश येतं ते तेव्हाच बघायचं आहे. थर्मामीटर माझ्याकडे आहे.

आपला ग्राहक,
मानेवाडा रोड, नागपूर