काकू, तुमच्या वेच्याच्या वहीबद्दल

काकू, नमस्कार.

तुमच्या माडीवर भाड्यानं राहणारा मास्तर लिहितोय. समोर आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही चहा टाकायला उठून गेला असता, म्हणून हे सगळ्यांदेखत पत्र.

गेल्या वर्षी इलेक्ट्रिकलच्या पोरांना कॉन्व्होल्यूशन शिकवत होतो. यंत्रणेला एक झटका (इम्पल्स) दिला की ती पुढं काही काळ जो प्रतिसाद देते तो इम्पल्स रिस्पॉन्स; एकामागून एक आलेल्या झटक्यांचे असे प्रतिसाद जोडून एकूण काढायची रीत म्हणजे कॉन्व्होल्यूशन. एकानं विचारलं, "सर, इम्पल्स रिस्पॉन्स उलटा काहून कराचा?" मी म्हणालो, सूत्रात आहे म्हणून. याहून वाईट उत्तर मी आजवर दिलेलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही ओसरीवर कापसाची वही घेऊन बसला होता. पावसानं दडी मारल्यामुळं कपाशी पंधरा-पंधरा दिवसांनी लागलेली: आधी 1 एकर, मग 2, मग 3. एकरी पहिला वेचा 2 क्विंटल, पंधरवड्यानं दुसरा 3, तिसरा 1, असा तुमचा अंदाज. तिसऱ्या पंधरवड्यात किती निघेल, मी विचारलं. तुम्ही बोटांवर मोजलं. "जुन्या एकराचा तिसरा वेचा, 1. मधल्या दोन एकरांचा दुसरा, 6. नव्या तीनचा पहिलाच, तेही 6. झाले तेरा." मी बघतच राहिलो, तर म्हणालात, "आधी लावलं ते शेवटच्या वेच्यावर येते न सर, मंग वेचे उलटेच धरा लागतात!"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तुमचं वावर काढलं. एक एकर म्हणजे इम्पल्स, त्याचे तीन वेचे म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. पंधरवड्यागणिक 2, 7, 13, 11, 3 क्विंटल, हे आकडे पोरांनीच काढले. लावण्या तीन, वेचे तीन, तरी कापूस पाच पंधरवडे का येतो, हे सांगावंच लागलं नाही. बेरजेच्या जागी इंटिग्रल आलं तेव्हा कुणी दचकलं नाही.

मी खुशीत हे सांगायला आलो, तर तुम्ही तिथंही मोडता घातला. "उशिराच्या कपाशीले गुलाबी बोंडअळी धरते. तिचे वेचे पहिल्या एकरावानी कायचे?" बरोबर आहे. लावणी पुढं सरकली की वेचेही तसेच्या तसे सरकतात, हे मी गृहीत धरलं होतं. टाइम इन्व्हेरियन्स म्हणतात त्याला. ते नसेल तर सगळ्यांना एकच इम्पल्स रिस्पॉन्स लावून चालत नाही. पुढचा अख्खा तास त्यावरच गेला.

वही सोबत परत पाठवतोय. शेवटच्या पंधरवड्यापुढं पोरांनी पेन्सिलीनं 3 लिहिलंय. शेजारी तुमच्या हातचा आकडा 1 आहे. दोन्ही राहू द्या.

तुमचा,
माडीवरचा मास्तर