टर्बोचा फाटका होज चिकटपट्टीने झाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वायपर, टायर, ब्रेक यांच्या तपासणीविषयी पुष्कळ सांगितले जाते. बोनेटखालच्या एका रबरी पाईपचे नाव मात्र कुणी घेत नाही. एअर फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या चाकाकडे, हवा नेणारा तो होज. तो फाटला की सहसा दोनपैकी एक होते. वायरिंगची काळी पट्टी गुंडाळून गाडी गॅरेजबाहेर काढली जाते, नाहीतर 'टर्बो गेला' असे सांगून मालकापुढे मोठ्या खर्चाचा कागद ठेवला जातो. पट्टीने काम होत नाही, आणि टर्बो बदलायची वेळ बहुधा आलेलीच नसते. होज बदलणे हे घरच्या अंगणात तास-दीड तासात होणारे काम आहे. ज्यांना एअर फिल्टर स्वतः बदलता येतो, त्यांना हेही जमेल.

टर्बोच्या हवेच्या वाटेत दोन बाजू असतात. फिल्टरपासून टर्बोपर्यंतची बाजू ओढीची. टर्बोतून इंटरकुलर (तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतची बाजू दाबाची. दाबाचा होज फाटला की ते लपत नाही. चढावर गाडी ओढत नाही, पाय दाबला की 'फुस्स' आवाज येतो, डिझेल गाडी काळा धूर मारते. सेन्सरने हवा मोजलेली असते, त्या हिशेबाने डिझेल सुटते आणि हवा मात्र वाटेतच निसटते, म्हणून हा धूर. पीयूसी केंद्रावर भारत स्टेज-४ (बीएस-४) डिझेलसाठी धुराच्या गडदपणाची मर्यादा प्रति मीटर १.६२ आहे, बीएस-६ साठी ०.७. अशी गाडी तिथे अडकू शकते, आणि हातात पडणाऱ्या कागदावर होजचा उल्लेखही नसतो.

ओढीचा होज फाटला तर मात्र सगळे गुपचूप चालते. पिकअप थोडा कमी होतो, आवाज किंचित बदलतो, पेट्रोल गाडीत कधी इंजिनचा दिवा लागून पी ०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी) हा कोड येतो. बाकी गाडी चालत राहते, आणि हेच वाईट, कारण भेगेतून आत जाणारी हवा फिल्टरमधून गेलेलीच नसते. गोव्यात ही हवा कसली असते ते वेगळे सांगायला नको. डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणपट्ट्यातल्या वाटा, चिऱ्यांच्या खाणींकडे जाणारे रस्ते, रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेल्या कडा, सगळीकडे तांबडी धूळ. टर्बोचे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेते. त्या वेगात धुळीचा कण पात्याच्या कडेवर आपटला की कड झिजून गोल होते. तीच धूळ पुढे पिस्टन-रिंगांपर्यंत पोचते. पावसात आणखी एक धोका असतो. हवा घेण्याचे तोंड कंपनीने मुद्दाम उंचावर ठेवलेले असते. होजची भेग त्याच्या खाली असेल तर साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी सुरक्षित उंचीच्या आधीच आत ओढले जाऊ शकते. सिलिंडरमध्ये पाणी शिरले की पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकू शकतो, आणि मग होजची किंमत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

भेग नुसत्या नजरेला सापडत नाही. होजला घड्या असतात आणि रबर घडीच्या खोबणीत, बहुतेक वेळा खालच्या अंगाने फाटते. होज जागेवर सरळ असताना भेग मिटलेली असते. हाताने वाकवला की ती तोंड उघडते. भेगेच्या काठावर बोट फिरवा. तेलात भिजलेल्या तांबड्या धुळीची एक बारीक रेघ बोटाला लागते. ती रेघ लागली की आणखी पुरावा शोधायला नको.

पट्टी का चालत नाही, तेही सांगतो. इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणारा ब्रीदर पाईप याच होजला जोडलेला असतो, त्यामुळे आतून तेलाची वाफ फिरत असते. तेल आणि उष्णता मिळाली की पट्टीचा डिंक पातळ होतो, पट्टी सुटते आणि तिचे टोक आत ओढले जाऊ शकते. एम-सील तेलकट रबराला धरत नाही. रेडिएटरचा किंवा पाण्याच्या पंपाचा पाईप कापून बसवणे तर त्याहून वाईट. ते रबर तेलाने फुगते, आणि ओढीचा जोर झेपण्यासाठी लागणाऱ्या घड्या किंवा तारेचे कडे त्यात नसल्यामुळे जोरात पाय दिला की ते आत चपटते. रस्त्यात अडकलात तर आपल्या आपल्यालाच चिकटणारी सिलिकॉनची पट्टी पुसून कोरड्या केलेल्या होजवर ओढून गुंडाळावी आणि हळू घरी यावे. तिचा उपयोग तेवढाच.

नवा होज घेताना गाडीचे नाव आणि साल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये इंजिनाप्रमाणे होज बदलतो. जुन्या होजवर छापलेला पार्ट नंबर पुसून वाचा, चॅसिस नंबर दाखवा, आणि दुकानातच दोन्ही होज शेजारी धरून तोंडांचा व्यास, ब्रीदरच्या नळीची जागा आणि वळण जुळवा. सिलिकॉनचा रंगीत होज दिसायला छान असतो, पण साधे सिलिकॉन तेलाची वाफ झिरपू देते. आतून तेलाला टिकणारे अस्तर नसेल तर तो घेऊ नये. जुन्या क्लिपा परत वापरू नका. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत साध्या क्लिपचा स्क्रू गंजून जाम होतो. स्टेनलेसच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ क्लिपांत पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा असतो. दुकानातच स्क्रूला छोटे लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर दुसरी क्लिप मागा. कंपनीने स्प्रिंगची क्लिप दिली असेल तिथे नवी स्प्रिंगचीच लावावी. रबर तापून-निवून कमी-जास्त होते आणि ती त्याच्याबरोबर ताण धरून राहते.

आता काम. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः हात घालू नका. नसेल तर ती सपाटीवर लावून हँडब्रेक ओढा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किमान दोन तास, शक्यतो सकाळी उठल्यावर. टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू बराच वेळ हात भाजण्याइतकी तापलेली असते. ७, ८ आणि १० चे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, चपटा स्क्रूड्रायव्हर, पकड, टॉर्च एवढी हत्यारे पुरतात. काही सोडण्याआधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढा. होजचे वळण आणि क्लिपांच्या स्क्रूंची तोंडे दोन्ही दिसली पाहिजेत. मग गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. इंजिनवरचे प्लास्टिकचे झाकण रबरी बुंध्यांवर बसलेले असते, ते सरळ वर ओढले की निघते.

हवेच्या सेन्सरचा प्लग काढताना आधी कुलूप सरकवा, मग खटका दाबून प्लगलाच धरून ओढा, तारांना नाही. सेन्सर डब्यातून बाहेर काढायची गरज नसते, आणि त्याच्या आतल्या तारेला बोट लावायचे नसते. ब्रीदर पाईपचा प्लास्टिकचा सांधा सगळ्यांत नाजूक. पाच-सहा वर्षांच्या गाडीत तो बिस्किटासारखा मोडतो. गरम पाण्यात पिळलेला कपडा मिनिटभर गुंडाळा, मग दोन्ही कान दाबून सरळ ओढा.

क्लिपा ढिल्या करून फिल्टरकडचे तोंड आधी सोडवा. टर्बोकडचे तोंड चिकटलेले असते. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. टर्बोचे तोंड ॲल्युमिनियमचे असते, त्यावर ओरखडा पडतो आणि निघालेला कीस आत जातो. होज दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे पिळा, सुटतो. सुटल्याच्या क्षणी टर्बोच्या तोंडात मोठा, स्वच्छ, लाल किंवा पिवळा कपडा कोंबा आणि त्याची शेपटी बाहेर लोंबती ठेवा. लहान कपडा आत विसरला जातो. सोडलेला प्रत्येक स्क्रू आणि वायसर ताटलीत मोजून ठेवा. या कामात टर्बो मरतो तो बहुतेक एका हरवलेल्या वायसरमुळेच.

टर्बोचे तोंड उघडे मिळाले आहे तर दोन मिनिटे चाक बघून घ्या. कपडा काढून बोटाने ते हळू फिरवा. बाजूला किंचित हलते हे बरोबर आहे, कारण दांडा तेलाच्या थरावर तरंगतो. पण हलवताना पाते भिंतीला घासत असेल, किंवा चाक आत-बाहेर सरकलेले हाताला कळत असेल, तर टर्बो खरोखर दुरुस्तीला आला आहे. आत तेलाचा पातळ थर असणे चालते. तेल साचलेले असेल तर ब्रीदर तुंबला आहे का आणि इंजिन ऑइल खुणेच्या वर भरले आहे का, हे आधी बघा.

टर्बोचे तोंड कोरड्या कपड्याने पुसा. डाग असेल तर क्लीनर कपड्यावर घ्या, आत फवारू नका. नव्या होजमध्ये उजेडात बघून क्लिपा आधी ओवून घ्या. ग्रीस किंवा तेल लावू नका, पाण्याचे ओले बोट फिरवले तरी होज सरकतो. टर्बोच्या तोंडाला काठाशी एक उंचवटा असतो. होज त्याच्या पलीकडे गेला पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, होजच्या काठापासून ३ ते ५ मिलिमीटर आत. होजवर बाण किंवा खाच असेल ती समोरच्या खुणेशी जुळवा. पिळून बसवलेला होज त्याच घडीत लवकर पुन्हा फाटतो. स्क्रूची क्लिप ४ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायची. मापाचा पाना नसेल तर क्लिपच्या खाचांतून रबर वर डोकावू लागण्याच्या आधी हात थांबवा. जास्त आवळले की पट्टा रबर कापतो.

सगळे जोडून इंजिन पाच मिनिटे चालू ठेवा. या बाजूला साबणाच्या पाण्याची तपासणी निरुपयोगी आहे, कारण इथे बुडबुडा येत नाही, पाणीच आत ओढले जाते. डिझेल गाडीला दुसऱ्या माणसाने २००० फेऱ्यांवर धरावे आणि आपण पेटवलेली उदबत्ती सांध्यांजवळून सावकाश फिरवावी. धुराची रेघ सांध्याकडे वळली की तिथे गळती आहे. बाही, केस, मंगळसूत्र पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा, उदबत्ती बॅटरीजवळ नेऊ नका. पेट्रोल गाडीत हा प्रयोग करूच नये. १०-१५ किलोमीटर फिरून गाडी निवल्यावर क्लिपा एकदा पुन्हा बघा.

नवा होजही वर्षाच्या आत फाटला तर होजला दोष देऊ नका. बहुधा इंजिनची फाउंडेशने (इंजिनला धरणारे रबरी आधार) खचलेली असतात. गिअरमध्ये पाय सोडताना इंजिन जागच्या जागी झोके घेते आणि प्रत्येक झोका त्या घडीवर येतो. चोर्ला घाटासारख्या वळणाच्या चढाला हे जास्त होते. दुसरे कारण उंदीर. पावसात ते गरम बोनेटखाली येतात. कडेवर बारीक दातांच्या दोन-दोन खुणा दिसल्या तर होजबरोबर तिथल्या वायरीही तपासून घ्या.

गॅरेजवाल्यांना एक विनंती आहे. 'टर्बो गेला' म्हणण्याआधी मालकासमोर होज वाकवून दाखवावा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून काढलेला होज त्याच्या हाती द्यावा. पार्टच्या दुकानांनी इथे जास्त चालणाऱ्या गाड्यांचे होज आणि चांगल्या क्लिपा मे महिन्यातच आणून ठेवाव्यात. जून-जुलैत होज बाहेरून मागवायला लागणाऱ्या दिवसांतच पट्टी गुंडाळून गाड्या बाहेर पडतात. आणि काढलेला होज अंगणातल्या पाल्यापाचोळ्याबरोबर जाळू नये. तो पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यावा.

आपला,
गाड्या दुरुस्त करणारा एक वाचक, फोंडा