आई-बाबा, सुट्टीत घरी का आले नाही ते सांगते

आई, बाबा, साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईनं विचारलं ना, सोळा दिवस सुट्टी मिळाली होती तर घरी का नाही आलीस, तेव्हा मी तिकीट महाग होतं असं काहीतरी बोलून विषय बदलला आणि मग रात्रभर झोप नाही लागली. तिकिटाचं कारण खरं नव्हतं. फोनवर मला हे नीट सांगता येत नाही, मधेच गळा भरून येतो आणि मग तुम्ही दोघं घाबरता, म्हणून बसून लिहितेय.

तुमचे जावई दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी असतात हे तुम्हाला माहितीये. पण हे घरी असतात त्या आठवड्यात माझी हॉस्पिटलला नाईट लागलेली असते, मी सकाळी येते तेव्हा यांचा चहा झालेला, मी झोपते, उठते तोवर डबा भरून निघायची वेळ. चार वर्षं हे असंच चाललंय. पर्थमध्ये एकाच घरात राहतो पण सलग सोळा दिवस शेजारी बसलो असं लग्नानंतर एकदाही झालं नव्हतं. आणि आई, खरं सांगू, मागच्या वर्षी आम्ही फार भांडायला लागलो होतो. मी तुला कळू दिलं नाही. घरी आलो असतो तर पाहुणे, सासर-माहेर, सगळ्यांकडं जेवणं, आणि ते मला आवडतंच, पण या वेळी आम्हाला दोघांनाच कुठंतरी बसायचं होतं. मग एक कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं उत्तरेला निघालो, पर्थ ते एक्समथ, जाताना वाटेतले फाटे धरून पंधराशेच्या वर किलोमीटर, आणि तेवढंच परत.

व्हॅन म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा थोडी लहान, आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, सिंक, आणि खाली पाण्याची टाकी. आईचा पहिला प्रश्न संडास-बाथरूमचं काय हाच असणार. तर रोज संध्याकाळी शक्यतो कॅरव्हॅन पार्कमध्ये थांबायचं, तिथं गरम पाण्याच्या अंघोळीची सोय असते, स्वच्छ असतं, सगळ्यांसाठी एक कॉमन स्वयंपाकघर असतं. मी तिथं फोडणी दिली की शेजारचे म्हातारे-म्हातारी वास घेत यायचे आणि आमटी चाखून जायचे. इथं रिटायर झालेली खूप जोडपी कॅरव्हॅन घेऊन महिनोन्महिने फिरतात, तुमच्याच वयाची, काही तर बाबांपेक्षा मोठी. तुम्हा दोघांची आठवण मला सगळ्यात जास्त त्यांना बघूनच आली.

अंधार पडला की गाडी चालवायची नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला बाबा, काळजी नको. संध्याकाळी कांगारू अचानक रस्त्यात उडी घेतात. आणि रोड ट्रेन म्हणजे एका ट्रकला तीन-तीन ट्रेलर जोडलेले, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब, तो शेजारून गेला की आपली व्हॅन हलते. पण रस्ता डाव्या बाजूनंच आहे आपल्यासारखा आणि समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून राम राम करतो. शंभर शंभर किलोमीटर घर नाही, माणूस नाही, त्यामुळं ते एक बोट दिसलं की फार बरं वाटायचं.

पिनॅकल्सला पिवळ्या वाळवंटात चुनखडीचे हजारो खांब उभे आहेत, वारुळांसारखे, ते सकाळी बघून पुढं निघालो. मग जेराल्डटन. तिथं टेकडीवर एक स्मारक आहे, १९ नोव्हेंबर १९४१ ला 'सिडनी' नावाची युद्धनौका या समुद्रात जर्मन जहाजाशी लढताना बुडाली, ६४५ माणसं होती, एकही परत आला नाही. जितकी माणसं गेली तितके स्टीलचे सीगल जोडून वर घुमट केलाय. आणि बाजूला एका बाईचा पुतळा आहे, वाऱ्यात उभी, टोपी धरून समुद्राकडं बघत वाट बघणारी. ते जहाज समुद्रात नेमकं कुठं आहे हे सापडलं २००८ साली. म्हणजे कितीतरी आया तोपर्यंत वाट बघून बघून गेल्या असतील. आई, त्याच्या पुढच्या दोन दिवसांत मोबाईलला रेंज नव्हती आणि तू चौदा मिस कॉल दिले होतेस. त्या पुतळ्यापाशी मी तुझाच विचार करत होते आणि तरी पुढं रेंज जाणार हे तुला आधी सांगायचं राहिलं, हे माझं चुकलं. पुढच्या वेळी रोज कुठं मुक्काम आहे ते आधीच लिहून पाठवीन.

पोर्ट ग्रेगरीजवळ एक खारं तळं आहे, गुलाबी, खरोखर गुलाबी, पाण्यातल्या शेवाळामुळं रंग येतो. फोटो पाठवलाय तो काही रंग चढवून केलेला नाही. कलबारीला नदीची दरी बघितली, छान आहे, पण तिथं माश्यांनी इतका जीव नकोसा केला की जास्त थांबलो नाही.

शार्क बे मात्र मला फार आवडलं. शेल बीचला वाळूच नाही, नुसत्या नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्या, कित्येक मीटर खोल आणि कित्येक किलोमीटर लांब. जवळच हॅमेलिन पूल म्हणून जागा आहे, तिथं समुद्राचं पाणी नेहमीच्या दुप्पट खारं असल्यामुळं दुसरं फारसं काही जगत नाही, आणि म्हणून तिथं स्ट्रोमॅटोलाइट टिकलेत. दिसायला काळे दगड, पण ते सूक्ष्म जिवांनी थरावर थर चढवून बांधलेले असतात, आणि असेच जीव साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीवर होते, त्यांच्याच जातकुळीनं हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन सोडला. आम्ही दोघं अर्धा तास तिथं काही न बोलता उभे होतो. आणि मग हे हळूच म्हणाले, मी खाण सोडून शहरात काम बघू का, पगार कमी येईल. इतके दिवस ज्यावरून भांडत होतो ते तिथं एवढ्या शांतपणे निघालं. अजून काही ठरलं नाही, ठरलं की तुम्हालाच पहिलं सांगू.

आता बाबा, तुमच्यासाठी मुख्य गोष्ट.

ओव्हरलँडर रोडहाऊस, म्हणजे हायवेवरचा पेट्रोल पंप आणि खाणावळ, त्याच्या पुढं एका रेस्ट एरियात मुक्काम केला. सकाळी उठून बघते तर सिंकचा नळ नीट बंद झाला नव्हता आणि टाकी रिकामी. सगळं पाणी रात्रीत गेलं. पुढं कार्नार्वनपर्यंत भरवशाचं गोडं पाणी नाही, रोडहाऊसला बोअरचं पाणी खारट असतं आणि ते लोक तरी कुठून देणार. पण तुम्ही निघायच्या आधी फोनवर तीनदा बजावलं होतं ना, गाडीच्या टाकीवर विसंबू नको, दहा लिटरचा कॅन वेगळा ठेव. तो कॅन होता. त्यावर आम्ही सगळा दिवस काढला, हे म्हणाले तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, तर तो पोचवते.

आणि कार्नार्वनला पोचलो तर काय, रस्त्याच्या दोन्ही बाजूला केळी! लाल माती, तीनशे-तीनशे किलोमीटर खुरट्या झुडपांशिवाय काही नाही आणि मधेच हिरवीगार केळीची बाग, घडांना पिशव्या घातलेल्या, बाजूला वाऱ्यासाठी झाडांची भिंत. मी ओरडलेच, गाडी थांबवा म्हणून. दिवस कुठला होता माहितीये का, आषाढी एकादशी. तिकडं मुक्ताईची पालखी पंढरपुरात आणि मी इथं केळीच्या बांधावर. रस्त्याकडंला एक टपरी होती, माणूस नाही, केळीच्या फण्या मांडलेल्या आणि पैसे टाकायला एक डबा. फणी घेतली आणि तिथंच उभं राहून उपासाची पहिली केळी खाल्ली. आपल्या बसराईसारखं बुटकं फळ, पण गोड, पार शेवटपर्यंत गोड. डोळ्यांत पाणी आलं बाबा, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात बागेची मालकीण आली, साठीची असेल. मी म्हटलं माझे वडील पण केळी लावतात, जळगावकडं, तर ती आम्हाला आत घेऊनच गेली. तुम्हाला आवडलं असतं असं सगळं बघितलं. तिथं गॅसकॉइन नावाची नदी आहे, पश्चिम ऑस्ट्रेलिया या आमच्या राज्यातली सगळ्यात लांब, पण वर्षातले बहुतेक महिने कोरडी, नुसती वाळू. पाणी वाळूच्या खालून वाहतं. त्या वाळूत बोअर घेऊन सगळा गाव शेती करतो, मीटर लावून मोजून पाणी मिळतं, ठिबकशिवाय थेंब नाही. नदीला वरून पूर आला की खालची वाळू परत भरते, म्हणून पुराची वाट बघायची. आणि पुराची भीती पण तेवढीच, डिसेंबर २०१० ला इतका मोठा पूर आला की बागांची वरची मातीच वाहून गेली. मग मार्च २०१५ ला ऑल्विन नावाचं चक्रीवादळ आलं आणि केळी सगळी आडवी. ती सांगत होती, सकाळी बाहेर आले तर बागेतून पलीकडचा रस्ता दिसत होता, इतकी वर्षं कधी दिसला नव्हता.

मला आपली ती जूनमधली रात्र आठवली. मी नववीत होते. वारा सुटला, पत्रे वाजले आणि सकाळी आपल्या निसवलेल्या, घड लागलेल्या बागेतून थेट तापीकडची झाडं दिसत होती. तुम्ही बांधावर बसून होता, आईनं चहा आणून ठेवला आणि तो तसाच गार झाला. ती बाई आणि तुम्ही एकमेकांची भाषा न कळता तासभर बोलला असता एवढं मला नक्की वाटलं. तिनं विचारलं तुझे वडील एका खोडाला बाजूनं फुटलेले किती मुनवे ठेवतात, त्या मुनव्यांवरची पिलबाग किती वर्षं धरतात, आणि मला नीट सांगता आलं नाही. मी केळीच्या घरातली मुलगी. तर ते मला लिहून पाठवा, मी तिला कळवते, तिचा पत्ता घेतलाय.

त्या रात्री साबुदाणा खिचडी केली, दाण्याचा कूट आईनं मागच्या पार्सलमध्ये पाठवलेला. आणि आकाशात त्रिशंकू तारकासमूह दिसला. आपल्याकडं वैशाखात दक्षिणेला अगदी खाली, झाडांच्या शेंड्यांवर थोडाच वेळ दिसतो, तुम्ही खळ्यात झोपलो की दाखवायचा तो, इथं चांगला वर चढलेला असतो. सूर्य पण इथं या दिवसांत उत्तरेकडून जातो. आणि गंमत म्हणजे शेवटचं गाव एक्समथ विषुववृत्ताच्या खाली जवळजवळ तेवढंच आहे जेवढे आपण वर.

एक्समथला निंगालू रीफ आहे. पोवळ्यांची रांग अडीचशेच्या वर किलोमीटर, आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरलं की दहा-वीस पावलांवर सुरू. बोटीनं व्हेल शार्क बघायला गेलो, वरून छोटं विमान फिरत असतं, ते मासा शोधून बोटीला सांगतं, मग पाण्यात एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि माशापासून तीन मीटर लांब राहायचं. जगातला सगळ्यात मोठा मासा, पण खातो काय तर प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, तोंड उघडून पाणी गाळत जातो. आमच्या शेजारून गेला तो आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीएवढा असेल, अंगावर पांढरे ठिपके, अजिबात घाई नाही. मी जराही घाबरले नाही. बाबा, तुम्ही पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं, आई काठावरून ओरडत होती पोरीच्या जातीला कशाला पोहणं, तेव्हा तुम्ही म्हणालात पाण्याला काय माहीत पोरगी का पोरगा. ते पोहणं तिथं कामाला आलं. पाण्याबाहेर आले आणि यांना सगळी विहिरीची गोष्ट सांगितली, लग्नाला सहा वर्षं झाली तरी कधी सांगितलीच नव्हती.

परतीचा रस्ता भरभर केला, सुट्टी संपत आली होती.

आई, म्हणून नाही आले घरी. तुझ्यापेक्षा फिरणं जास्त वाटलं असं मनात आणू नको. दिवाळीला येतोय, दोघंही, तीन आठवडे, रजा मंजूर झाली आहे.

आणि पुढच्या वर्षी तुम्ही इकडं यायचं. मृगबाग लावून होऊ दे, पोळा होऊ दे, मग निघा, सप्टेंबरमध्ये इथं रानफुलं असतात आणि कार्नार्वनला थंडी-ऊन दोन्ही सोसेल असं असतं. व्हॅनची पायरी आईच्या गुडघ्याला उंच पडेल, तर आपण गाडीनं जाऊ आणि कॅरव्हॅन पार्कमध्ये केबिन घेऊ, तिथं पलंग-किचन सगळं असतं. एक्समथजवळच्या टर्क्वॉइज बेला पाणी गुडघाभर आहे काठाला, आईला तिथं खुर्ची टाकून पाय पाण्यात सोडून बसवीन, मासे पायाशी येतात. बाबांना त्या बागेत एक दिवस सोडून देऊ.

आईचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय बहुतेक, कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवलाय बघ. पहिल्या पानाचा फोटो काढून आजच व्हॉट्सॲप कर.

तुमची मोठी

ता.क. जावयांचा दोघांना नमस्कार. बाबा, मुनव्यांचं विसरू नका, ती बाई खरंच विचारत होती.