शीशगंज गुरुद्वाराच्या जोडाघरातल्या बाबाजींना

बाबाजी, सत् श्री अकाल.

पत्र मराठीत लिहितेय, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. वाचणाऱ्यांपैकी कुणी दिल्लीला गेलं, तर चांदणी चौकात तुमच्या खिडकीशी थांबून एवढं हिंदीत सांगावं. मी तुमचं नावसुद्धा विचारलं नाही. घरी आल्यापासून ते फार लागून राहिलंय.

तुमच्यापुढून रोज हजारो माणसं जातात. तरी आठवून बघा. मार्चमधला सोमवार, भर दुपार. नऊवारीतली, गळ्यात तुळशीची माळ घातलेली एक म्हातारी, एका पायात चप्पल आणि दुसरी हातात. ती माझी आई.

आईला दिल्लीत एकच गोष्ट बघायची होती, लाल किल्ला. माझे अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. पानिपताचा धडा आला की ते घरीसुद्धा सांगत बसायचे, भाऊसाहेबांनी 1760 साली दिल्ली घेतली, फौजेला द्यायला पैसा नव्हता, तेव्हा किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. "एकदा ते छत बघून येऊ," असं ते आईला म्हणायचे. अण्णा गेले, बघायचं राहिलं. म्हणून मी तिला घेऊन निघाले.

आणि टूरवाल्यांनी आम्हाला किल्ल्यापुढे उभं केलं ते सोमवारी. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. विचारलं तर म्हणाले, "मावशी, बाहेरून फोटो छान येतो." आई तटबंदीकडे बघत राहिली आणि मग बोलेनाशीच झाली. पुढे चांदणी चौकात खरेदीला चाळीस मिनिटं. दिवसा तिथे मोटारी येत नाहीत, बस लांब उभी. आईचे गुडघे दुखतात, त्यात गर्दीत चपलेचा पट्टा तुटला. फोन केला, तर उत्तर आलं की बाकीच्यांना ताटकळत ठेवता येत नाही, रिक्षा करून हॉटेलवर या. बस निघून गेली. एका दुकानाच्या पायरीवर आईला टेकवलं, तिथूनही उठवलं. पैसे मोजून बरोबर घेतलेल्या माणसांनी एका बाईला अनवाणी रस्त्यावर सोडलं, याचा राग अजून जात नाही.

समोर गुरुद्वारा दिसला म्हणून आत आलो. जोडाघराशी सगळे आपापले जोडे देत होते. आईने चपला पदराआड धरल्या. धुळीने माखलेल्या, एक तुटलेली, आणि पुढे तुम्ही, तिच्यापेक्षाही वयाने मोठे, पांढरीशुभ्र दाढी. पायातली वहाण अशा माणसाच्या हातात कशी द्यायची? ती म्हणाली, "मी इथे कोपऱ्यात ठेवते." तुम्हाला शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत. प्रसाद घेतात तसे, ओंजळ करून. आईने चपला ठेवल्या. तुम्ही त्या आधी कपाळाला लावल्यात आणि मगच बिल्ला दिलात.

बाबाजी, मला त्या क्षणी रडू आवरलं नाही.

आत गार पाण्यातून पाय धुऊन गेलो. 1675 साली गुरू तेगबहादुरांनी ज्या वडाखाली शीर दिलं, त्याचा बुंधा तिथे जपलाय. आईने त्याला हात जोडले. कीर्तन चालू होतं, ती डोळे मिटून बसली. शब्द तिला कळत नव्हते, पण टाळी बरोबर पडत होती. मग लंगर. खाली बसता येत नाही हे बघून एका मुलीने न सांगता बाकडं आणलं.

बाहेर आलो तर चपला पुसून ठेवलेल्या, आणि पट्टा दाभणाने शिवलेला. जाड काळा दोरा, दुहेरी टाके. मी पाकिटाला हात घातला, तर तुम्ही मान हलवलीत. "सेवा है जी." कुठून आलात विचारलंत. पंढरपूरजवळून, म्हटलं. तुमचा चेहरा उजळला. "नांदेड! हजूर साहिब!" आणि पुढे, "नामदेवजी!" नामदेवांची 61 पदं ग्रंथसाहिबात आहेत, हे आई जाणून होती. पण दिल्लीच्या रस्त्यावर कुणी आपल्या नामदेवांना 'जी' लावून हाक मारतं, हे तिने पहिल्यांदा ऐकलं.

रिक्षात ती मला म्हणाली, "विठ्ठलाच्या दारातली पायरी नामदेवांनी मागून घेतली, संतांचे पाय लागावेत म्हणून. आज ती पायरी मी माणसात पाहिली."

दुसऱ्या दिवशी टूरवाल्यांचा नाद सोडून आम्ही दोघीच किल्ल्यात गेलो. तुम्ही शिवलेल्या चपला घालून आई नौबतखान्यापासून दिवाण-इ-खासपर्यंत कुठेही न बसता चालली. छताकडे बघत बराच वेळ उभी राहिली. अण्णांशी बोलत असावी, मी मधे पडले नाही.

इथे कोपऱ्यावरचे चप्पल शिवणारे काका म्हणाले, पट्टा नवा घालून देतो. आईने घालू दिला नाही. आणि तुमच्यासाठी तिने निरोप दिलाय. कधी हजूर साहिबला आलात, तर तसेच पुढे पंढरपूरला या. देवळात जाताना तुमचे जोडे ती सांभाळणार आहे.